पाट आणि बांधी : हृदयदर्शनाच्या इतिहासांतील एक प्रकरण

इतिहास वाचतांना कधीं कधीं एकाच सालाच्या रकान्यांत अशा दोन गोष्टी शेजारीं येऊन बसतात कीं, त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नसतांही त्या एकत्र पाहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९७३ हें असेंच एक साल होय. त्या वर्षीं मार्च महिन्यांत पॉल लॉटरबर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें चित्र प्रसिद्ध केलें. तें प्रकाशानें नव्हे, क्ष-किरणांनींही नव्हे, तर लोहचुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्यानें काढलेलें होतें. त्याच वर्षीं डिसेंबरांत, तेव्हांच्या चंद्रपूर व आतांच्या गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडाजवळ हेमलकसा येथें बाबा आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. तेथें वीज नव्हती. आणि विजेवांचून हृदयाची वार्ता सांगणारें डॉक्टरी साधन म्हणजे लेनेक यानें १८१६ सालीं पॅरिसमध्यें शोधून काढलेला स्टेथोस्कोप.

कानानें ऐकलेलें हृदय डोळ्यानें पाहावें, ही इच्छा पुढील काळाची. १८९५ सालीं रंटजेन यास क्ष-किरण सांपडले. विसाव्या शतकाच्या आरंभीं आइंटहोव्हेन यानें हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे आजचा ई.सी.जी., काढून दाखविला. १९२९ सालीं व्हेर्नर फोर्समन या पंचविशींतील जर्मन डॉक्टरनें आपल्याच हाताच्या शिरेंतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांनीं आपली छबी काढून घेतली. या साहसाचें नोबेल पारितोषिक त्यास १९५६ सालीं मिळालें. पुढें १९५८ सालीं क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स यांच्या हातून तपासणी चालू असतां रंजकद्रव चुकून रोग्याच्या करोनरी धमनींतच शिरला. रोगी जगला, आणि त्या चुकींतून हृदयधमन्यांची अँजिओग्राफी जन्मास आली.

अँजिओग्राफी काय दाखविते, हें आमच्या झाडीपट्टींतील शेतकऱ्यास समजाविणें कठीण नाहीं. मामा तलावाचें पाणी पाटानें धानाच्या बांध्यांत जातें. पाट कोठें अरुंद झाला, कोठें गाळानें बुजला, एवढें अँजिओग्राफीस दिसतें. परंतु पाट अरुंद झाला म्हणजे बांधी कोरडी पडलीच, असें नव्हे. आणि जें पीक वाळून गेलें, तें पाट कितीही रुंद केला तरी हिरवें होत नाहीं. खरा प्रश्न बांधीचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा, आहे.

हा प्रश्न लॉटरबर यांच्या वाटेनें निघालेल्या एम.आर.आय. विद्येनें हातीं घेतला. शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजन-अणूंस प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवून रेडिओलहरींनीं डिवचलें असतां ते उलट संदेश देतात, व त्या संदेशांचें चित्र बनतें. हृदय मात्र क्षणभरही स्थिर नसतें. म्हणून यंत्रास ई.सी.जी.च्या ठोक्याशीं जुळवून घ्यावें लागतें. धमन्या रुंदावणारें औषध देऊन शिरेंतून गॅडोलिनियमचा द्रव सोडला कीं, जो स्नायू उपाशी आहे तेथें तो उशिरा पोंचतो, व तेवढा भाग काळवंडलेला दिसतो. दहा-पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहिलें असतां मेलेल्या भागांत तोच द्रव साचून पांढरा उमटतो, आणि जिवंत स्नायू काळा राहतो. रक्तपुरवठा सुधारल्यास कोणता स्नायू पुन्हां काम करूं लागेल, हें या पांढऱ्या खुणेवरून आधींच ताडतां येतें, असें २००० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें.

याचा व्यवहारांत उपयोग काय, तें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळतें. श्रमानें छातींत दुखणाऱ्या ९१८ रोग्यांचे दोन गट केले. एकाचे उपचार एम.आर.आय.वरून ठरविले, दुसऱ्याचे अँजिओग्राफी व धमनींतील दाबाच्या मोजमापावरून. धमनी मोकळी करण्याचे उपचार पहिल्या गटांत सुमारें ३६ टक्के, तर दुसऱ्यांत ४५ टक्के रोग्यांवर झाले. आणि वर्षअखेर मृत्यु, झटका इत्यादि आपत्तींचें प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेंच निघालें.

हा आंकडा श्रीमंतापेक्षां गरिबास अधिक मोलाचा आहे. रक्तवाहिन्यांचे रोग शहरच्या सुखवस्तूंचे, ही समजूत आतां टिकणारी नाहीं. गडचिरोलींत आरोग्यकार्य करणारे डॉ. अभय बंग यांस १९९५ सालीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, हृदयविकाराचा झटका आला. त्यांचें ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हें पुस्तक मराठी घरांत परिचित आहे. याच जिल्ह्यांतील ८६ खेड्यांच्या पाहणींत पक्षाघात हें मृत्यूचें सर्वांत मोठें कारण ठरल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. आणि पक्षाघात हा रक्तवाहिन्यांचाच रोग होय.

झटक्याच्या ऐन घटकेस या यंत्राची वाट पाहावयाची नसते, तेव्हां ई.सी.जी. आणि गुठळी विरघळविणारें औषध जवळ असणें, हेंच प्राण वांचविणारें. परंतु चार पावलें चालतांच छाती भरून येणाऱ्या भामरागडच्या माणसानें शेत गहाण टाकून नागपुरास शस्त्रक्रियेसाठीं जावें कीं औषधावर राहावें, हा निर्णय सावकाशीचा आहे. तो पाट पाहून केला कीं बांधी पाहून केला, यांत कदाचित् त्याच्या शेताचाच फरक पडेल. १९७३ च्या रकान्यांत शेजारीं बसलेल्या त्या दोन गोष्टी अजून एकमेकींस पुरत्या भेटलेल्या नाहींत. त्या भेटतील तेव्हांच, पाण्याच्या दोन नळ्यांपासून निघालेला हा इतिहास आमच्या मुलखांत पोंचला, असें आम्ही म्हणूं.