तंजावरचे चित्र, चेन्नईचा दिवाणखाना

चेन्नईच्या मैलापूर किंवा अड्यार भागातील एखाद्या सुस्थित घराच्या दिवाणखान्यात ब्रह्मदेशी सागवानाचा झोपाळा, कोपऱ्यात कोरीव खांब, त्यांच्या रंगछटेला साजेसे कोच आणि समोरच्या भिंतीवर सोन्याच्या वर्खाचे तंजावरी चित्र अशी मांडणी आढळते. या वस्तूंचा मेळ इतका सहज जमतो, की त्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत असाव्यात असे वाटावे. वस्तुतः कोच तेवढे दुकानातले असतात; बाकीच्या वस्तूंचा इतिहास मोडलेल्या घरांचा आहे.

तंजावरी चित्रकला बहरली ती भोसले राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२). फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूची पूड व डिंक यांचे लेप चढवायचे, दागिने आणि कमानी उठावाने घडवायच्या, काचेचे खडे जडवून वर्ख लावायचा आणि मग रंग भरायचे, अशी ही रीत. चित्राचे स्थान देवघर. समईची ज्योत हलली की उठावावरचे सोने हलते, आणि लोण्याचा गोळा हातात धरलेला बाळकृष्ण क्षणभर सजीव भासतो. १८५५ मध्ये राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागून निकाल मिळवला. परंतु ही राजसत्तेची कृती असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असे ठरवून प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो फिरवला. पुढे सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली खरी, पण कलावंतांना पोसणारा दरबार परत येणे नव्हते.

खांब आणि झोपाळे आले चेट्टिनाडातून. ब्रह्मदेशात सावकारी करणाऱ्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी तिथल्याच सागवानाने कारैकुडीच्या परिसरात प्रचंड वाडे उभारले. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, १९४२ मध्ये तो जपानच्या ताब्यात गेला, आणि त्या वैभवाचा आधारच सुटला. वारस शहरांत पांगले. अनेक वाडे दारे-खांब सुटे करून विकले गेले. कारैकुडीचा जुन्या वस्तूंचा बाजार त्यातूनच फोफावला. चेन्नईच्या दक्षिणेस मुट्टुकाडू येथे १९९६ मध्ये खुल्या झालेल्या दक्षिणचित्र संग्रहालयात असे एक चेट्टियार घर पुन्हा उभारलेले पाहता येते. ते सुदैवी म्हणायचे. इतरांचा खांब एका घरी, उंबरा दुसऱ्या.

या वस्तूंना दिवाणखान्यात आसरा मिळाला, हे वाईट म्हणता येणार नाही. मात्र विजेच्या स्थिर प्रकाशझोतात तोच वर्ख निश्चल होतो, आणि दर्शनाची वस्तू केवळ शोभेची उरते. नव्या चित्रांना आता गडद सागवानी ‘चेट्टिनाड’ चौकटही घालतात. देवापेक्षा भोवतालच्या लाकडाशी तिचे अधिक जमते.

नवरात्रात मात्र ही सारी जुळवाजुळव बाजूला सरते. कोच भिंतीशी ढकलले जातात आणि विषम संख्येच्या पायऱ्यांवर ‘गोलू’ मांडला जातो. देवदेवता, लाल लाकडाचे राजाराणी, क्रिकेटचा संघसुद्धा. रंगसंगतीची कुणाला पर्वा नसते. पुढच्या बाजूस, वाटाणे-डाळींच्या इवल्या राशी मांडून, चेट्टियार आणि त्याची बायको दुकान उघडून बसलेली असतात.