शेत, पीक आणि ताट : मगनवाडीच्या एका हिशेबाची कथा

सातपुड्याची रांग उतरून दक्षिणेस नागपूरच्या मैदानाकडे येऊ लागले, की सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी बोलणारा टापू लागतो. अर्धनारीश्वराच्या देवळासाठी ओळखले जाणारे मोहगाव याच टापूतले. गावाच्या नावातच मोहाचे झाड आहे, आणि ज्या छिंदवाडा जिल्ह्यात हे गाव दीर्घकाळ होते त्याच्या नावात छिंद, म्हणजे शिंदीचे झाड आहे. माणसाने नांगर धरण्यापूर्वी ही भूमी काय खाऊ घालीत होती, याची खूण नावांनी अशी जपून ठेवली आहे. नदीकाठची काळी जमीन, उतारावरची बरड, विहिरीच्या ओलिताखालील संत्र्याचे बगिचे आणि उरलेल्या कोरडवाहू पट्ट्यात कपाशी, ज्वारी, तूर, असे या भागातील शेतीचे चित्र कित्येक पिढ्यांचे आहे. त्या चित्राकडे पाहताना एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गावाची जमीन जे पिकवते आणि गावातील माणसे जे खातात, त्यांचा परस्परांशी संबंध किती?

हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने, कागदपेन्सिल घेऊन आणि चुलीपाशी बसून विचारण्याचा एक मोठा प्रयत्न ज्या प्रांतात झाला, त्याच प्रांताचा सौंसर हा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यापूर्वी वर्धा आणि सौंसर यांच्यामध्ये प्रांताची सीमा नव्हती. म्हणून वर्ध्याच्या मगनवाडीची हकीकत ही मोहगावच्या शेजारघरची हकीकत म्हणावी लागते.

तिची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत कपाशीने पाय पसरले. सारा रोखीने भरावा लागे आणि रोकड कपाशीतून येई. शेतकऱ्याने कपाशी धरली यात त्याचा लोभ पाहण्याचे कारण नाही. पण कपाशीच्या प्रत्येक नव्या एकरामागे खाण्याच्या पिकाची जागा कुठेतरी आकसत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांताने जे भोगले, त्याचे मुख्य कारण पावसाने दिलेला दगा हे खरे; परंतु गावातली पेवे पूर्वीसारखी भरलेली नव्हती, हेही विसरता येत नाही.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तेथील घर दिले. महात्मा गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा चिटणीस झाले. १९३५ पासून, सेगावला मुक्काम हलवीपर्यंत, गांधीजी स्वतः मगनवाडीत राहिले, आणि या काळात तेथील स्वयंपाकघर हीच एक प्रयोगशाळा बनली. हातसडीचा तांदूळ आणि गिरणीतला पांढरा तांदूळ, गूळ आणि साखर, घाणीचे तेल आणि गिरणीचे तेल, कच्चा भाजीपाला, चिंच, कडुनिंबाचा पाला, असे पदार्थ तेथे तपासले गेले. आणि तपासणारे लोक तेच जेवीत होते. १९३५ मध्ये तेथे सोयाबीनही शिजले. स्वस्तात प्रथिने देणारे कडधान्य म्हणून गांधीजींनी त्याची माहिती ‘हरिजन’मधून दिली. जेवणाऱ्यांपैकी सर्वांनाच ही पंगत रुचत होती असे समजण्याचे कारण नाही. जिभेची सवय ही जमिनीच्या सवयीइतकीच चिवट असते.

या प्रयोगांना निव्वळ आश्रमीय हट्ट मानण्याची पद्धत पुढे पडली. ते न्याय्य नाही. त्याच दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे आहारशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा काम करीत होती. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरी रोगाच्या चौकशीपासून तिचा पाया घातला, आणि त्यांच्यानंतर डब्ल्यू. आर. अॅक्रॉइड यांनी हिंदी अन्नपदार्थांची पोषणमूल्ये देणारी पुस्तिका १९३७ साली प्रसिद्ध केली. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली. तांदूळ जास्त सडला की त्याच्या कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जाते, ही गोष्ट कुन्नूरला परीक्षानळीत आणि मगनवाडीत उखळात, अशी दोन्हीकडे पाहिली जात होती. खताच्या बाबतीतही तसेच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’च्या वाचकांपुढे ठेवली. जमीन सुपीक राहिली नाही तर ताटातले सत्त्वही टिकणार नाही, हा दुवा त्यातून जोडला गेला.

या सगळ्याला हिशेबाची शिस्त लावली ती कुमारप्पांनी. तंजावरला ४ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले हे गृहस्थ लंडनमध्ये हिशेब तपासनीस झाले, आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्र शिकले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी १९२९-३० मध्ये खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. त्या अनुभवामुळेच मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीने ६०६ खेड्यांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९३९ मध्ये बाहेर पडला. खेडे कशावर जगते, त्यातून काय बाहेर जाते आणि त्याच्या पदरात काय उरते, हे विचारीत फिरलेली ही पाहणी होती. असे अहवाल जुन्या ग्रंथालयांच्या वरच्या फळीवर धूळ खात असतात. प्रांताचा खरा इतिहास पुष्कळदा तेथेच बसलेला असतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि शिफारशी अमलात आणण्यास हात उरला नाही.

बेचाळीसच्या आंदोलनानंतरच्या तुरुंगवासात, जबलपूरच्या कारागृहात, कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये निघाला आणि गांधीजींनी त्यास प्रस्तावना लिहिली. मगनवाडीच्या स्वयंपाकघरातील आणि सहाशे खेड्यांतील अनुभव एका तक्त्यात उतरलेला या ग्रंथात दिसतो. ‘समतोल लागवड’ ही त्यामागची कल्पना. एक लाख लोकवस्तीचा प्रदेश घ्यावा. प्रत्येक माणसास रोज २,८६० उष्मांकांचा समतोल आहार मिळावा असे धरावे. त्यात धान्य १६ औंस, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, डाळ २ औंस, गूळ २ औंस, दूध १२ औंस, भाजीपाला ८ औंस, शिवाय तेल, तूप, कंदमुळे, फळे. अंगावरच्या कापडासाठी कापूसही धरावा. मग प्रत्येक वस्तूस किती एकर लागतील ते मांडावे, आणि त्या प्रमाणात त्या प्रदेशाची जमीन वाटून द्यावी. एवढे झाल्यावर जी जमीन उरेल तिच्यात बाजारासाठी पीक घ्यावे.

हिशेबाचा क्रम येथे उलटा झालेला आहे. रूढ शेतीशास्त्र ‘या जमिनीत जास्तीत जास्त काय पिकेल’ येथून आरंभ करते, व्यापारी ‘काय विकेल’ येथून. कुमारप्पांनी ताटापासून सुरुवात केली आणि शेतापर्यंत मागे गेले. एवढ्यावर न थांबता त्यांनी सुचविले, की कोणत्या जमिनीत काय पेरावे यासाठी परवाने असावेत आणि निव्वळ पैशाच्या पिकाखालील जमिनीवर जड कर बसवावा. उसाचे उदाहरण ते देत : साखर कारखान्यास जाड सालीचा ऊस लागतो आणि गुळास पातळ सालीचा चांगला, म्हणजे पिकाची जातसुद्धा खाणारा ठरवीत नाही, यंत्र ठरविते. उसाची जमीन मोकळी करण्याचा दुसरा मार्ग शिंदीचा होता. पडीक जागेत, नाल्याकाठी, कोणी न लावता उगवणाऱ्या शिंदीची नीरा आटवून गूळ करण्याचे काम ग्रामोद्योग संघाने चालविले. एका झाडाखाली जमिनीचा तुकडाही अडत नाही आणि माणसाला गोड मिळते, हा त्यामागचा विचार. ज्या जिल्ह्याने आपले नावच या झाडावरून घेतले, तेथे शिंदीची ओळख ताडीपुरतीच उरली, ही थोडी खेदाचीच गोष्ट आहे.

या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. तक्ता सरासरीचा होता, आणि सरासरीने कोणाचे पोट भरत नाही. गावच्या शिवारात डाळ भरपूर पिकली, तरी ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि ज्याची मजुरी तुटपुंजी आहे त्याच्या घरी ती पोहोचेलच असे नाही. घरातही ताट वाढले जाते ते क्रमाने, आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्यास काय येते याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. बरड जमिनीतल्या पाच एकरांवर दवाखाना, लग्न, शाळा आणि सावकार यांना तोंड देणाऱ्या शेतकऱ्याने रोख पीक सोडावे असे म्हणणे सोपे, पण त्याला परवाना कोण देणार आणि पडता काळ कोण सोसणार? जमिनीच्या मालकीचा प्रश्न कुमारप्पांना मात्र दिसत होता. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. शिवाय हेही सांगितले पाहिजे, की जुना कास्तकार समतोल लागवडीचे बरेचसे तत्त्व तक्त्याविना पाळीत होता. कपाशीत तुरीचे तास, ज्वारीत मूग-उडीद, धुऱ्यावर अंबाडी, थोडा जवस. भाकर, वरण, भाजी, चटणी आणि तेल एकाच वावरातून निघे.

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कुमारप्पांनी वर्ध्याजवळ सेलडोह येथे पन्नाई आश्रम काढून हे विचार प्रत्यक्ष शेतीत आजमावण्यास घेतले. पण प्रकृती साथ देईना आणि देशाचे लक्ष मोठ्या धरणांकडे व कारखान्यांकडे लागले होते. पुढे ते दक्षिणेत टी. कल्लुपट्टीला गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी वारले.

त्यानंतर या टापूच्या शेताने आपली वाट घेतली. नागपुरात १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले आणि संत्र्याच्या कलमांवर, रोगांवर मोलाचे काम झाले. संत्र्याने पांढुर्णा-सौंसरच्या पुष्कळ घरांना पक्की भिंत दिली, मुलांना नागपूरच्या महाविद्यालयांत पाठविले. ते नाकारता येणार नाही. ज्वारीची जागा मात्र आकसली आणि स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदळाने भाकरीस चुलीवरून बाजूला सारले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला.

आणि सोयाबीन? मगनवाडीच्या पंगतीत जे गरिबाचे कडधान्य म्हणून वाढले गेले, ते १९७० नंतर मध्य प्रदेशात आणि मग विदर्भात खरिपाचे प्रमुख पीक झाले. त्याचे तेल काढले जाते आणि उरलेली पेंड, जिच्यात सारी प्रथिने असतात, कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी देशात आणि परदेशांत जाते. ज्या वावरात ते उगवते त्याच्या मालकाच्या घरी ते क्वचितच शिजते. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात अजून उभे आहे.