लातूरची लाल शाई

लातूरच्या मुलांची नावे बारावीच्या गुणवत्ता यादीत दिसू लागली, तेव्हा नांदेडला आम्ही शिक्षक मंडळी चहा घेताना एकच शब्द उच्चारीत असू : कॉपी. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. मी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या खिडक्यांखाली जमणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला आपल्याकडच्या मुलाचे नव्वद टक्के सहजासहजी पचत नाहीत.

या अविश्वासाची मुळे जुनी होती. निजामाच्या राज्यात पदवी घ्यायची तर बहुधा हैदराबाद गाठायचे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. मुंबई विद्यापीठाला तेव्हा शंभर वर्षे झालेली होती! आपली पोरे मागेच राहणार, हे आम्ही मनोमन मान्य करून बसलो होतो. बाहेरच्यांपेक्षा घरच्यांनाच शंका अधिक.

लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघाले. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. विषय इंग्रजी, व्यासंग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याचेही ते पहिले कुलगुरू. त्यांच्या महाविद्यालयात आणि हळूहळू शहरातल्या इतर संस्थांतही जे रुजले, त्याला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. त्यात गूढ काहीच नव्हते. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्ट्यांतही तास घ्यायचे आणि मग बोर्डासारखे पेपर पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. लिहिलेला पेपर तपासून मुलाच्या हातात द्यायचा, गुण कुठे गेला ते दाखवायचे. शिकवणे म्हणजे व्याख्यान, तपासणे म्हणजे वैताग, असे मानणाऱ्या आमच्या पिढीला हे कारकुनी काम वाटे.

माझा भाचा लातूरला शिकायला गेला तो माझा सल्ला डावलून. दिवाळीच्या सुट्टीत तो नांदेडला आला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा रस्ता उलटा करून पोरगा दमलेला होता. त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि उत्तरपत्रिका जास्त. मी त्या चाळल्या, खोट काढण्याच्या हेतूनेच. हृदयाच्या आकृतीचा एकच प्रश्न चार पेपरांत होता. पहिल्यात झडपांना नावे नव्हती, लाल शाईने गोल करून अर्धा गुण कापलेला. दुसऱ्यात नावे आली, पण रक्तप्रवाहाचा एक बाण उलटा. तिसऱ्यात बाण सुधारला. चौथ्यात शाई लावायला जागाच नव्हती.

"अरे, एकच प्रश्न किती वेळा लिहितोस?" मी विचारले.

"मामा, चुकलं की परत येतोच तो," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या रात्री मी कॉपी हा शब्द सोडला. माझ्या वर्गातल्या मुलांना सहामाहीचे पेपर कधी परत दाखवले होते, हे मला आठवेना.

इतरांचा संशय मिटायला आणखी वेळ लागला. वैद्यकीय प्रवेशासाठी १९९९ पासून राज्याची सीईटी आली, पर्यायी उत्तरांची. पुढे नीट आली. पेपरांची तऱ्हा बदलली, तरी डॉक्टर होणाऱ्यांत लातूरकर होतेच. मग टीकेचा सूर बदलला : हा सगळा रट्टा आहे.

यात तथ्य आहे, पण अर्धेच. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे, आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे. म्हणजे परीक्षा नुसती मोजत नाही, शिकवतेही. लातूरच्या मास्तरांनी हे प्रयोगशाळेविना ओळखले होते. मात्र जो प्रश्न कुठल्याच पेपरात येत नाही, तो विचारण्याची सवय यातून लागते का? मला अजून तसे वाटत नाही. शिवाय या यशाभोवती क्लास, वसतिगृहे, खानावळी यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. तिथे पोराला ठेवायचे तर शेतकरी बापाला कर्ज काढावे लागते. सुरुवात महाविद्यालयाच्या वर्गात झाली होती, हे आज कितीजणांना ठाऊक आहे?

नोकरीची शेवटची वर्षे मी दहावीची दर शनिवारी चाचणी घेतली. साठ पेपर, सोमवारी परत. पहिल्याच शनिवारी एक सहकारी हसत म्हणाले, "काय गुरुजी, लातूर इथंच आणता की काय? चार आठवडे टिकलं तर सांगा."

मी काही बोललो नाही. गठ्ठा सायकलला बांधला. लाल शाईची दौत घ्यायला दुकानाकडे वळलो.