दमदमची तबकडी

न्यू टाउनमधील आमच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवरून दमदमच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने दिसतात. त्याच दमदमला १९२८ पासून ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. आजोबांच्या काळी पुण्या-नागपूरच्या घरांत वाजणाऱ्या नाट्यगीतांच्या कितीतरी तबकड्या या बंगाली मातीत घडल्या, हे येथे बदलून येईपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

परंतु आज सांगावयाचे आहे ते परगावी राबलेल्या दुसऱ्याच एका माणसाविषयी. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक १९०३ साली व्हर्जिनियात जन्मला. गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाच्या दुःखाने जे ‘ब्लूज’ घडविले आणि त्यांच्या आधाराने जे ‘जॅझ’ वाढले, ते त्याच्या बोटांत होते. १९२६ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या सोबतीने त्याचे वादन मुद्रित झाले, आणि त्याच वर्षी तो आशियाकडे निघाला. शांघाय, मुंबईचे ताजमहाल हॉटेल, कोलंबो अशी मजल करीत महायुद्धाच्या काळात तो चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात आला. ताजमध्ये अशा अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून फ्रँक फर्नांड हा गोमंतकीय तरुण ट्रम्पेट शिकला. पुढे १९६३ मध्ये त्यानेच ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला.

युद्धकाळात कोलकात्यात वेदरफर्डच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या ‘कोलंबिया’ या छापाखाली निघाल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. आज आपण ज्याला आल्बम म्हणतो, तो मुळात अशा सुट्या तबकड्या जपून ठेवावयाची जाड वही होती.

आता या तबकड्यांचे वर्ष पाहावे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात व त्यामागून आलेल्या रोगराईत वीस ते तीस लाख माणसे मेली. खेड्यांतून आलेले भुकेले लोक कोलकात्याच्या पदपथांवर भाताची पेज मागत फिरत होते. आत नृत्य चालले होते, बाहेर प्रेते उचलली जात होती. तीन मिनिटांच्या त्या तबकडीत बाहेरचा एकही आवाज नाही.

म्हणून ते संगीत निर्दय म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाजविणे ही त्याची रोजी होती, आणि दार कोणासाठी उघडावयाचे हे वादक ठरवीत नव्हता. शिवाय ते दार तरी कितीसे भक्कम होते? दुष्काळाच्या मागोमाग ज्या रोगांनी बंगालची गावे ओस पाडली, त्यांत पटकीही होती. त्याच पटकीने २५ एप्रिल १९४५ रोजी कोलकात्यात वेदरफर्डचा बळी घेतला. तेव्हा तो अवघा एकेचाळीस वर्षांचा होता.

आम्ही फायलींत वावरणारी माणसे. कागदावर जे चढले तेवढेच घडले, असे मानण्याची आपणांस सवय जडते. तबकडीही तसाच एक कागद आहे. तिच्यावर वाद्यवृंदाच्या नायकाचे नाव असते. पाठीमागे बसलेल्या बहुतेकांचे नसते, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांचे तर कधीच नसते. म्हणून ती ऐकावी, आनंदाने ऐकावी. मात्र ऐकताना तिचे साल विचारावयास विसरू नये.