गणपतराव देशमुख : एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि 11 वेळा आमदार

सांगोला : आज कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळचा मोबाईल उघडल्याशिवाय कळत नाही. अशा काळात सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांची कारकीर्द नव्या मतदाराला खरी वाटणार नाही. शेतकरी कामगार पक्ष आणि सांगोला मतदारसंघ, दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

आबांचं मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. वकिलीचं शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. 1962 ला पहिल्यांदा आमदार. 1972 ला पराभव झाला, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत जनतेने पुन्हा निवडून दिलं. 1995 चा पराभव मात्र जुनी माणसं अजून सांगतात. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवलं. एका वाडीवर याहून जास्त मतं असतात! पुढं 1999 ला आबा परत आले आणि 2014 ला अकराव्यांदा विधानसभेत गेले.

हा देशातला विक्रम असल्याचं अनेकदा छापून येतं. ते बरोबर नाही. तमिळनाडूचे करुणानिधी 13 वेळा निवडून आले, मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आबांच्या अकराही निवडणुका सांगोल्याच्याच.

मंत्रिपद दोनदाच मिळालं, 1978 च्या पुलोद सरकारात आणि 1999 नंतरच्या आघाडी सरकारात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला. मुंबईला अधिवेशनाला एसटीने जाणारा आमदार अशी त्यांची ओळख होती. पण नुसत्या साधेपणावर कोणी 11 वेळा निवडून देत नाही. लोकांचं खरं दुखणं पाण्याचं होतं.

माण नदीचं पात्र बहुतेक वर्षं कोरडंच. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे पोटासाठी ऊसतोडीला किंवा मुंबईला जाणं ठरलेलं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषद भरवायला सुरुवात केली, तेव्हा आबा त्यांच्या बरोबर होते. सांगली, सातारा, सोलापूरच्या 13 दुष्काळी तालुक्यांना कृष्णेच्या पाण्यात समान वाटा द्या, ही मागणी. टेंभूचं पाणी उपसा करून तालुक्यात यायला वर्षं लागली, आणि सगळ्या गावांना ते पुरेसं मिळालं असंही नाही. विरोधकांनी हाच मुद्दा दर निवडणुकीत लावून धरला. इतकी वर्षं आमदार असताना पाणी उशिरा का, हा प्रश्न गैर नव्हता.

दरम्यान शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. कमी पाण्यावर येणारं डाळिंब रानोरान पसरलं आणि सांगोल्याचं नाव बाजारात झालं.

2019 ला वयामुळे आबा थांबले. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात वयाच्या 94 व्या वर्षी आबांचं निधन झालं. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा पुन्हा शेकापकडे आणली. टेंभू-म्हैसाळच्या आवर्तनाची विचारणा आता त्यांच्याकडे होते.