पकडीचे मोल : पुण्याने विकत घेतलेला आणि सोडून दिलेला कोपरा

१/ २९ डिसेंबर २०२४. पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यात होता. पुण्याचा संघ मात्र त्यात नव्हता. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. हरियाणाच्या बचावाचा आधारस्तंभ होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी हाच खेळाडू पुणेरी पलटणकडून खेळत होता, आणि त्या वेळी अंतिम सामन्यात पराभूत झालेला संघ होता हरियाणा. जिंकून देणारा गडी पुण्याने का सोडला? हा त्या निर्णयाचा आणि त्यामागील शतकभराच्या खेळाचा इतिहास.

२/ कबड्डी हा मुळात मातीतला खेळ. कोकणच्या किनाऱ्यापासून औंढा नागनाथच्या परिसरापर्यंत महाराष्ट्रात तो हुतुतू म्हणून रुजला. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, त्यांत हा खेळही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला.

३/ या साऱ्या प्रवासात कौतुक प्रामुख्याने चढाई करणाऱ्याच्या वाट्याला आले. ते स्वाभाविकही होते. चढाईपटू एकटा जातो, सात जणांशी झुंजतो आणि एकटाच परततो. त्याचे यश डोळ्यांना दिसते. पकडीचे तसे नाही. कोपरारक्षक घोट्यावर झेप घेतो, शेजारचा मध्यरक्षक धडक देतो, उरलेले गडी साखळी करून वाट अडवतात. गुण एक, हात अनेक. मग श्रेय कोणाचे?

४/ शिवाय चांगल्या बचावाचा मोठा भाग गुणफलकावर उमटतच नाही. समर्थ कोपरारक्षक उभा असला की चढाईपटू त्या बाजूला खोलवर जातच नाही. तीस सेकंद काढून रिकाम्या हाताने परततो. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार? तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेल्या ‘अव्वल पकडी’ला दोन गुण देण्याच्या नियमाने बचावपटूंना थोडा न्याय मिळाला, एवढेच.

५/ या न मोजल्या जाणाऱ्या कलेला बाजारभाव मिळाला तो लिलावामुळे. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा सर्वाधिक बोली होती १२ लाख ८० हजार रुपयांची, राकेश कुमारसाठी. चारच वर्षांत चित्र पालटले. मे २०१८ च्या लिलावात यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी रुपये मोजले. कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू, आणि तो चढाईपटू नव्हता; डाव्या कोपऱ्यातला बचावपटू होता.

६/ हे मोल अवाजवी नव्हते, याची साक्ष त्याच वर्षी जकार्तात मिळाली. १९९० पासून आशियाई स्पर्धेतील प्रत्येक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाला इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले आणि पुढे सुवर्णही पटकावले. भारताला अवघ्या १८ गुणांवर रोखणारी ती भिंत कशी उभी राहते, हे साऱ्या कबड्डीजगताने पाहिले.

७/ आता पुण्याकडे वळू. २०२२ च्या नवव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने फझलला १ कोटी ३८ लाखांना घेतले. संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. पण १७ डिसेंबरला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला. पुढच्या लिलावाआधी पुण्याने फझलला मुक्त केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच जागेसाठी त्याच्याच देशाचा तरुण गडी शादलुई २ कोटी ३५ लाखांना विकत घेतला.

८/ या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा लागेल. प्रत्येक संघाला संपूर्ण चमूसाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा होती. म्हणजे एका बचावपटूवर तिजोरीतील ४७ टक्के रक्कम खर्ची पडली. डाव फळला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. शादलुई हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

९/ आणि मग ती कठीण घडी आली, जी प्रत्येक विजेत्या संघावर येते : कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे? अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन, गौरव खत्री हे तरुण गडी पुण्याने काही हंगाम जोपासले होते. पुण्याने ही घडवलेली फळी राखली आणि शादलुईला मोकळे केले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले. अंतिम सामन्यात ज्याने आपल्याला रोखले, त्यालाच आपल्या अंगणात आणण्याचा हा सरळ हिशेब होता.

१०/ हा पेच कबड्डीपुरता नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये हंगामाच्या तोंडावर प्रत्येक संघाला ९० खेळाडूंची यादी ५३ वर आणावी लागते, आणि त्या कपातीच्या आधीचे दिवस बचावफळीच्या सौद्यांनी गाजतात. १ सप्टेंबर २०१८ रोजी, कपातीच्याच दिवशी, ओकलंड रेडर्सने आपला खलील मॅक शिकागो बेअर्सला दिला. बदल्यात पुढील वर्षांतील नवोदित निवडीचे, पहिल्या फेरीतील दोन हक्क मिळाले. त्या हंगामात एकट्या मॅकने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच पाडण्याची कामगिरी १२.५ वेळा नोंदवली (दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाला अर्धा वाटा). रेडर्सच्या सबंध संघाची नोंद होती १३, लीगमधील सर्वांत कमी. शिकागोने १२ सामने जिंकले, ओकलंडने अवघे चार.

११/ एक फरक मात्र मोठा आहे. तिथे गडी सोडताना बदल्यात काय मिळणार, हे आधी ठरलेले असते. कबड्डीत तसे नाही. संघ आधी हात रिकामे करतो आणि मग लिलावाच्या सभागृहात नशीब अजमावतो. सोडलेला गडी कोणाच्या हाती पडेल, हे सांगता येत नाही.

१२/ पुण्याचा निर्णय चुकला, असे एका वाक्यात म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अकराव्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला. विजेता संघ पहिल्या सहांतही आला नाही, याला हेही कारण होते. पण त्याच हंगामात शादलुई सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि चषक बालेवाडीतून हरियाणाला गेला. चढाईपटू गेला तर त्याचे गुण गेल्याचे दिसते. बचावपटू गेला की समोरच्या चढाईपटूची भीती जाते, आणि ती गेल्याचे कळते ते लोण चढल्यावरच.