शब्दवेध : यंत्र

‘यंत्र’ आला ‘यम्’ या संस्कृत धातूपासून. यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय. पात्र, नेत्र, शस्त्र यांत तोच आहे. ज्याच्यामुळं गोष्ट हुकमतीत राहते ते यंत्र. संयम आणि नियंत्रण याच घरातले. सुश्रुतानं शल्यकर्माची 101 यंत्रं सांगितली आणि त्यांत मानाचं स्थान दिलं माणसाच्या हाताला!

म्हणून लातूर-नांदेडकडं ‘आपल्याला ते यंत्र-बिंत्र नको’ असं ऐकलं की जीव तळमळतो. इथल्या काळ्या भारी रानांत सोयाबीनचा पेरा मोठा. रुंद वरंबा सरी पेरणी यंत्र, म्हणजे आपलं बीबीएफ, पेरतानाच सरी पाडतं. पाऊस लागून राहिला तर जादा पाणी सरीतून निघून जातं. उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीत या पद्धतीवर 1970 च्या दशकापासून काम केलं. तरी ‘सरीत जागा वाया जाते’ म्हणत सपाट पेरा होतो, आणि पाणी साचून पिवळं पडलेलं रान बघावं लागतं. भाडं परवडत नाही, यंत्र वेळेवर मिळत नाही, या अडचणी खऱ्या. त्यांवर माझा राग नाही. राग आहे तो न बघताच नाही म्हणण्यावर. अहो, तिफण तरी काय आहे? चाड्यातलं बी तीन नळ्यांतून सारख्या अंतरावरच्या तासांत उतरवणारं यंत्रच की! येत्या मृगात शेजाऱ्याच्या रानात बीबीएफ चालत असेल तर बांधावर उभं राहून दोन तासं तरी बघा.